चपट्याची सोबत

सुधाकरचा फोन आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सुधाकर म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा मुलगा. अनसिंगजवळचं आमचं गावचं घर आणि शेती तो आणि त्याची बायको रेखा पाहतात. "काकू, मनोहरकाका गेले," म्हणाला. "रेखा सकाळी चहा घेऊन गेली तं..." माणूस गेल्याचं कळलं की लोक विचारतात, कसे गेले, त्रास झाला का. माझ्या तोंडून भलतंच निघालं. मी विचारलं, "दार उघडं होतं का रे त्यांचं?" तो म्हणाला, "उघडंच होतं काकू. त्यांनी कधी लावलंच कुठं?" मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि उरलेल्या शेंगा सोलत राहिले. नव्वदीला टेकलेला दीर गेला आणि सत्त्याऐंशी वर्षांची भावजय शेंगा सोलतेय... पण हाताला काहीतरी पाहिजे होतं. डोळे मागाहून आले भरून.

त्यांना उभं आयुष्य लोकांनी "एकटे राहणारे मनोहरराव" म्हणूनच ओळखलं. एकटं राहायची त्यांना हौस नव्हती, हे मला माहीत आहे. म्हणून तर लिहायला बसले. माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं पुडीच्या कागदांवर आणि त्यांनी दिलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर वाचून शिकले, तेव्हा चुकलंमाकलं तर समजून घ्या.

मी लग्न होऊन त्या घरी आले तेव्हा आपला वऱ्हाड मध्यप्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. मनोहरभाऊजी माझ्या नवऱ्याहून धाकटे, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठे, नागपूरला कॉलेजात शिकत होते. माझ्या पहिल्याच दिवाळीला ते घरी आले ते खोकतच. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, वाशिमला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि क्षय सांगितला. त्या काळी क्षय म्हणजे काय, हे आताच्या लेकरांना सांगून कळायचं नाही. घरात कोणी मोठ्यानं तो शब्दसुद्धा उच्चारत नव्हतं. ओसरीच्या टोकाला एक खोली होती, तिच्यात सरकी साठवायचे. ती सरकी काढली, खोली सारवली आणि भाऊजींची खाट तिच्यात टाकली. एक जर्मनचं, म्हणजे अल्युमिनियमचं, ताट घेतलं आणि त्याच्या काठावर खिळ्यानं फुली मारली, म्हणजे ते चुकून दुसऱ्या भांड्यांत मिसळायला नको. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, उंबऱ्याबाहेर ताट ठेवायच्या, दोन पावलं मागं सरायच्या आणि पदरात तोंड घालून रडायच्या. माया नव्हती असं नाही हो. भीती मायेहून मोठी होती, एवढंच.

वाशिमच्या स्टेशनावर तेव्हा एक बंगाली मास्तर होते. भाऊजींची त्यांची दोस्ती येता-जाता जमलेली. मास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपली काचेची पेटी भाऊजींना देऊन टाकली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, तिला चार बाजूंनी काचा, सांधे कसल्याशा लुकणानं भरलेले, आणि आत कलकत्त्याहून आणलेले दोन मासे. पापडासारखे चपटे, अंगावर उभे काळे पट्टे, पोटाखाली लांब दोऱ्या लोंबताहेत. बैलांच्या दमणीतून येताना त्यातला एक वाटेतच मेला. मास्तर स्वतः सोबत आले होते. माझ्याकडं वळून म्हणाले, "बहू, ये बहुत शरमीला है. अकेला भी नहीं रहता, और हर किसी के साथ भी नहीं रहता." एवढं सांगून ते गाडीनं गेले ते गेलेच. कोणासोबत राहतो ते सांगायचं राहिलं.

आमचं घर माळकरी. मामाजींच्या गळ्यात माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा चोरून यायचा. त्या घरात मासा आला! मामाजी दोन दिवस ओसरीकडं फिरकले नाहीत. मग म्हणाले, "खायचा थोडाच हाय? पाह्यचा हाय. पोराचा जीव रमते तं राहू द्या." माशाचं नाव आम्ही ठेवलं चपट्या. त्याची उस्तवार करायला मी पुढं झाले, कारण बाकी कोणी खोलीत जायला तयार नव्हतं, आणि मी सतरा वर्षांची, मला मरणाची कल्पना नव्हती. बैलांच्या टाक्यातल्या डासांच्या अळ्या फडक्यानं गाळून आणायच्या, पेटीसमोर पाट टाकून बसायचं आणि चिमूट चिमूट सोडायच्या. चपट्याचं जेवण म्हणजे मोठ्या घरच्या म्हाताऱ्यासारखं. एक अळी तोंडात घ्यायची, थुंकायची, पुन्हा पाहायची, पुन्हा घ्यायची. भाऊजी खाटेवरून हसायचे. "वैनी, हा जेवते का परीक्षा घेते?" त्या हसण्यानं त्यांना ढास लागायची आणि मी पाण्याचा गडू पुढं करायची. त्या खोलीत आम्ही खूप बोललो. अक्षरं वाचण्यातली माझी अडखळ तिथंच गेली. थंडीच्या दिवसांत पेटीच्या काचेला लागून कंदील ठेवायचो. तेवढ्या उबेनं चपट्या मोकळा फिरायचा. पण जोडी फुटलेला जीव तो. अर्धा दिवस कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभा राहायचा. काचेत त्याला त्याचाच मासा दिसायचा.

भाऊजींनी एक दिवस म्हटलं, "वैनी, याले सोबत पाह्यजे. एकटं राहून राहून हा मरून जाईल." चपट्याबद्दल बोलत होते ना ते? मी त्यांच्याकडं पाहिलं नाही, पेटीकडंच पाहत राहिले.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. नाल्यातून चांदीसारख्या चमकणाऱ्या बोटभर मासोळ्या गड्याकडून आणवल्या. त्या इतक्या चपळ की अळी पाण्याला टेकायच्या आत गट्ट. चपट्या पहिला घास निरखत असायचा तोवर पंगत उठलेली! वर त्याच्या लोंबणाऱ्या दोऱ्या त्यांना गांडूळ वाटायच्या की काय, येऊन येऊन टोचायच्या. आठवडाभरात तो खंगला. परत नेऊन सोडल्या त्या. भाऊजी म्हणाले, "घाईचे लोक कामाचे नाईत. आपल्याले हळू कोणी पाह्यजे."

श्रावणात मी शेतात शिदोरी घेऊन चालले होते. बांधाजवळ पाणी तुंबलं होतं, आणि त्यात लालकेशरी पिल्लांचा पुंजका... जणू कोणी कुंकू सांडलं पाण्यात. सगळी एकमेकांना चिकटून, संथ, शहाण्या लेकरांसारखी. मी पदरानं अकरा धरली आणि ताकाच्या गडूत घालून आणली. पेटीत सोडली तर काय शोभा! चपट्या मधोमध आणि भोवती ती लाल माळ. तो पण कोपरा सोडून त्यांच्यात फिरायला लागला. ही बातमी घरात गेली. आधी जाऊबाई दाराशी आल्या. मग मामाजी. मग आत्याबाई आल्या, उंबऱ्यात थांबल्या, आणि पाहता पाहता पाऊल आत पडलं त्यांचं. खाटेच्या कडेवर बसल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. भाऊजींनी श्वास रोखून धरला होता, खोकला येऊ नये म्हणून. आत्याबाई पेटीकडं बोट दाखवत म्हणाल्या, "कसे देवाघरचे फुलं हायेत, नाई रे मना?" आणि त्यांच्या नकळत त्यांचा हात त्याच्या पायावर पडला. त्या दिवसांत सुया टोचायला कंपाउंडर सायकलवर यायचा. तो म्हणाला, पोरगं सुधारून राह्यलं. मला वाटलं, सुधारणारच. दाराशी माणसं येताहेत ना.

आता आमचं अडाणीपण ऐका. पिल्लांचा लाल रंग हळूहळू उतरला, मातकट झाली. आम्ही म्हटलं, पाणी बदललं म्हणून. अकराची नऊ झाली, नवाची सहा, सहाची तीन. आम्ही मांजरावर आळ घेतला. ज्यांच्या घरात मासा शिजतो त्यांना पहिल्या दिवशीच कळलं असतं की ती मरळीची पिल्लं होती, आणि मरळ म्हणजे माशांतला वाघ. आमच्या माळकरी घरात कोणाला कळणार? आम्हाला मासा म्हणजे नुसता मासा.

कार्तिक आला. घरात एकादशीला माशांनाही उपास असायचा. मामाजींचा नेम होता, त्या दिवशी घरात अळीसुद्धा मारायची नाही. मग आम्ही पेटीत शिजवलेल्या भगरीचे चार दाणे टाकायचो. चपट्या त्याच्याकडं पाहायचाही नाही, पण एक दिवसाचं काय एवढं, म्हणून सोडून द्यायचो. त्या वर्षी मात्र पंचांगात एकादश्या दोन आल्या, आधी स्मार्त आणि दुसऱ्या दिवशी भागवत. आत्याबाई माहेरच्या रिवाजानं स्मार्त धरायच्या, मामाजी भागवत. म्हणजे माशांना दोन दिवस उपास. भाऊजींनी हळूच म्हटलं होतं, "वैनी, थोड्या अळ्या टाकता का? कोनी नाई पाह्यत." मी म्हटलं, "पाप माह्या डोक्यावर कायले देता भाऊजी? उद्याच्या उद्या पारणं हाय."

द्वादशीला सकाळी मी अळ्या घेऊन गेले. चपट्या आडवा तरंगत होता. शेपूट नव्हतं, दोऱ्या नव्हत्या, एका बाजूचं अंग सोललेलं. जीव होता, कल्ला हलत होता. आणि खाली एकच मरळ, वीतभर, पोट फुगलेलं, शांत बसलेली. दुसऱ्या दोघींचा पत्ता नाही. भाऊजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. त्यांनी माझ्याआधीच पाहिलं होतं. आत्याबाई दाराशी आल्या, पाहिलं, आणि तिथूनच कपाळावर हात मारला. "एकादशीले घरात हत्या झाली, माय! ह्या खोलीत काई चांगलं होतच नाई." त्या शब्दांनी सगळी मागं सरली. तीन महिन्यांची गर्दी एका वाक्यात ओसरली.

मागल्या दारी मासे विकणारी पारबती भोईण टोपलं घेऊन चालली होती. मी तिला हाक मारून आणलं. ती आली ती थेट खोलीत, उंबरा तिला दिसलाच नाही. पाटावर बसली, पेटीत हात घातला आणि मरळ धरून टोपल्यात टाकली. मग हसायला लागली. "वो बाई, गाईच्या गोठ्यात वाघ बांधला तुमी, अन् वरून त्याले उपास बी घडवला?" भाऊजी खाटेवरून म्हणाले, "पारबतीबाई, दूर बसा. मले छातीचं हाय." ती म्हणाली, "असन. मी बी उभा जलम गुडघाभर पान्यात उभी राह्यतो, मले का रोग कमी हायेत? हे पाहा जी मालक, सोबत पाह्यची असन तं तीन गोष्टी पाह्यच्या. तोंड केवढं ते पाह्यचं. घाई किती ते पाह्यचं. अन् राह्यते कुठं ते पाह्यचं. याच्याहून बारक्या तोंडाचं, याच्याहून कमी घाईचं, अन् याच्या जागेवर न येणारं. तळात रेतीमंधी बारक्या मिशावाल्या मासोळ्या असतात, उष्टं खातात, कोणाच्या वाटेले जात नाईत. त्या आणून देतो मी. पन आत्ता नाई. आत्ता महिनाभर याच्याजवळ कोनी नको. ऊन पानी अन् चिमूटभर मीठ, रोज थोडं थोडं बदलून." भाऊजी उठून बसले होते. सकाळपासून पहिल्यांदा. "वाचन का हा?" "पानी बदलणारं मानूस पाह्यजे," ती म्हणाली. "वाचते."

पाणी बदलायला दोन माणसं लागायची. एकानं चपट्याला घंगाळात धरायचं, दुसऱ्यानं पाणी काढून ओतायचं. भाऊजींना उभं राहिलं की घेरी यायची. ते म्हणाले, "वैनी, उद्या येजा. मी एकटा नाई करू शकत." मी म्हटलं, "येतो ना भाऊजी. रोज येतो."

त्याच दुपारी आत्याबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. मला तिसरा महिना होता. माझ्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "आता त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकशीन तं तुले माह्या रक्ताची आन हाय." त्यांचं चुकलं, असं आजही मी म्हणू शकत नाही. आणि माझं बरोबर होतं, असंही म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सरकीच्या खोलीतून हाक आली, "वैनी, पानी बदलायचं हाय..." मी अंगणात भांडी घासत होते. तिथून दार दिसत होतं, पाटाचं टोकही दिसत होतं. मी म्हटलं, "आज कामात हावो भाऊजी." तिसऱ्या दिवशी पुन्हा हाक आली. मी भांडी जोरानं घासली. चौथ्या दिवशी हाक आली नाही. त्यांना कारण कोणी सांगितलं की त्यांनी ओळखलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही, हे मात्र नक्की.

मंगरूळपीरजवळ माझं माहेर. बाळंतपण करून श्रावणात परत आले तेव्हा भाऊजी ओसरीच्या टोकाला ऊन खात उभे होते, अंग भरलेलं. सुयांनी काम केलं होतं. मी लेकरू घेऊन पुढं झाले तर हात आडवा धरून म्हणाले, "तिथूनच दाखवा वैनी." मी तिथूनच दाखवलं. मग विचारलं, "चपट्या?" "तो पौषातच गेला. एक हातानं धरायचा अन् एक हातानं ओतायचं, तं थंड पानी पडून गेलं त्याच्यावर." मग म्हणाले, "पारबतीबाईनं रेतीतल्या मासोळ्या आणून देल्या मंग. लय चांगल्या हायेत. त्याले सोबती भेटले वैनी, तोच नाई राह्यला." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, रडले असते, पाय धरले असते. त्यांनी मला तेवढीही जागा ठेवली नाही.

पुढं आम्ही रिसोडला बिऱ्हाड केलं. भाऊजी पुरते बरे झाले, डॉक्टरांनी लेखी दिलं, मामाजींनी ते फ्रेम करून लावलं. पण फुलीचं ताट त्यांनी सोडलं नाही, पंगतीला बसले नाहीत, लग्न केलं नाही. सणावाराला मी गेले की माझी खुर्ची उंबऱ्याबाहेर मांडायचे. आत जाऊ लागले तर म्हणायचे, "तिथंच बसा, वारा चांगला लागते." एकदा मी सरळ विचारलं, "काहून लग्न नाई केलं भाऊजी?" ते पेटीची काच पुसत होते. म्हणाले, "मरळीले कुठं माहीत होतं वैनी, का ती मरळ हाय. लहानपनी तं ती बी लालच होती. आपलं तोंड केवढं, हे मानसाले काय माहीत?" मी त्यांना सांगायला पाहिजे होतं की भाऊजी, मरळ तुम्ही नव्हता. त्या पेटीत चूक आमची होती, ठेवणाऱ्यांची. तेवढ्यात रेखा पाणी घेऊन आली आणि विषय दुसरीकडं गेला.

आता सुधाकरचा नातू अकोल्याला मोठी काचेची टाकी ठेवतो. त्यात डिस्कस नावाचे मासे आहेत, चपट्याच्याच खानदानातले, पण भाकरीसारखे गोल. फार नाजूक म्हणे. ऊन पाणी लागतं, हळू खातात, धसमुसळा शेजारी चालत नाही. त्यांच्यासोबत कोणते मासे ठेवू, म्हणून तो मोबाइलवरून मनोहरआजोबांना विचारायचा. "तोंड पाह्य, घाई पाह्य, मंग राह्यते कुठं ते पाह्य," आजोबा सांगायचे. "अन् त्याले उपास घडवू नको रे बाप्पा." पोरगा हसायचा. त्याला वाटायचं, आजोबा गंमत करतात.

तेरवीला मी गेले. जेवणं आटोपत आली तेव्हा सुधाकर म्हणाला, "काकू, ती काचेची पेटी भंगारात देऊ का? कितीक वर्षांपासून नुसती रेती हाय तिच्यात." मी काही बोलायच्या आत रेखा म्हणाली, "आणि तो पाट? काका रोज जेवताना दोन पाट मांडायचे, एक आपला, एक पेटीपाशी. मी विचारलं एकदा, हा कोणाचा? तं म्हणे, माशाले पाह्यणाऱ्याचा. येते कधी कधी."

मी उठले. सरकीच्या खोलीचं दार उघडंच होतं. उंबऱ्याशी पाय थबकला, सवयीनं. मग आत टाकला. पाट तिथंच होता, पेटीसमोर, मधोमध जरा झिजलेला. गुडघे वाकत नाहीत आता, तरी भिंतीला धरून बसले. रेखा घाबरून मागं आली, "काकू, खुर्ची आणते ना." मी म्हटलं, "खुर्ची नको. फळीवरचं ते ताट दे आणि वरण-भात वाढ." ती म्हणाली, "काकू, ते काकांचं आहे... फुलीचं." "माहीत आहे," मी म्हटलं. "धुऊ नको. तसंच दे."